व्हॉल्व्हच्या लेखात एक कारण गाळलंत

मा. संपादक,
स. न.

गेल्या रविवारच्या आरोग्य पुरवणीत हृदयाच्या व्हॉल्व्हवरचा पानभर लेख वाचला. लेख चांगला होता, आकृत्या पण छान होत्या, लहानपणी घसा सुजून मग येणाऱ्या संधिवाताच्या तापाने व्हॉल्व्ह कसा खराब होतो ते नीट समजावलं होतं, म्हातारपणी कॅल्शियम धरतं ते आलं, जन्मजात दोष आले, व्हॉल्व्हला होणारं इन्फेक्शन आलं. पण एक कारण साफ गाळलंय आणि ते विसरून राहिलं असेल असं मला काही वाटत नाही. सिफिलिस. जुनी माणसं गरमी म्हणायची तीच. मेडिसिनचं कुठलंही पुस्तक उघडा, ॲओर्टिक व्हॉल्व्ह, म्हणजे हृदयातून रक्त बाहेर पडतं त्या दारावरची झडप, ती लीक होण्याच्या कारणांच्या यादीत हे नाव असतंच, लेख लिहिणाऱ्या डॉक्टरांनी ती यादी पाठ करूनच परीक्षा दिली असणार. मग पेपरात येताना ते नाव कुठे पडलं? रविवारी सकाळी चहा घेताना घरातली सगळी लहानमोठी पुरवणी चाळतात, तिथे हे कशाला, असा काहीतरी विचार झाला असावा.

मी सरकारी हॉस्पिटलच्या लॅबमध्ये टेक्निशियन होते, आता रिटायर्ड आहे. नोकरीतला मोठा काळ सेरॉलॉजीच्या टेबलावर गेला म्हणजे सिफिलिसची व्हीडीआरएल, टायफॉइडची विडाल, सांधेदुखीची आरए फॅक्टर असल्या रक्ताच्या टेस्ट. डॉक्टर नाहीये, त्यामुळे औषधाबद्दल खाली जे लिहिलंय ते आपल्या डॉक्टरला विचारल्याशिवाय कुणी करू नये, पण ह्या एका आजाराची रक्तं मी इतकी हाताळलीयत की दोन शब्द बोलायचा हक्क आहे असं समजते.

आधी हे प्रकरण हृदयापर्यंत जातं कसं ते सांगते, कारण लोकांना वाटतं गरमी म्हणजे खालच्या जागेचं दुखणं, तिथे सुरू होतं आणि तिथेच संपतं. सुरू तिथेच होतं, संबंध आल्यावर साधारण तीन आठवड्यांनी एक पुटकुळी येते, ती फुटून जखम होते, आणि ती दुखत नाही. हीच खरी मेख आहे. दुखत नाही म्हणून माणूस डॉक्टरकडे जात नाही, बाईला आतल्या बाजूला झाली असेल तर दिसत पण नाही. महिना दीड महिन्यात ती जखम काही न करता आपोआप भरते, मध्ये कुणी पुडी दिली असेल तर सगळं श्रेय पुडीला जातं आणि त्या पुडीवाल्याचं नाव आणखी चार जणांना सांगितलं जातं. पुढे काही आठवड्यांनी अंगावर पुरळ, तळहात तळपायांवर सुद्धा, कसकस, गाठी, ते पण जातं. मग वर्षानुवर्षं काहीच नाही. लग्न होतं, मुलं होतात, घराचं कर्ज फिटतं, आणि दहा वीस कधी तीस वर्षांनी जिना चढताना धाप लागायला लागते. त्या धापेचा आणि पंचविशीतल्या त्या न दुखणाऱ्या जखमेचा संबंध लावायला कोण जाणार? पेशंट तर ती विसरलेलाच असतो, आणि विसरला नसला तरी सुनेसमोर मुलासमोर बोलणार नाही.

ह्या सगळ्या काळात जंतू, ट्रेपोनेमा पॅलिडम त्याचं नाव, ॲओर्टाच्या भिंतीत ठाण मांडून बसलेला असू शकतो. ॲओर्टा म्हणजे हृदयातून निघणारी सगळ्यात मोठी रक्तवाहिनी, शाळेच्या पुस्तकात महारोहिणी. तिची भिंत इतकी जाड असते की भिंतीला स्वतःला रक्त पुरवायला आतमध्ये बारीक बारीक रक्तवाहिन्या लागतात. जंतू नेमका त्यांना धरतो, त्या सुजतात, बुजत जातात, भिंतीचा मधला लवचिक थर उपाशी मरतो आणि त्याच्या जागी वण येतो. हृदयातून निघून वर चढणारा जो पहिला तुकडा असतो तिथे हे जास्त. वण काही रबरासारखा ताणून परत जागेवर येत नाही, मग दर ठोक्याला येणाऱ्या रक्ताच्या दाबाने तो भाग हळूहळू फाकत जातो. व्हॉल्व्हच्या तीन पाकळ्या सुरुवातीला बऱ्यापैकी ठीक असतात, पण चौकटच फाकली तर झडपा कितीही चांगल्या असल्या तरी मधे फट राहणारच ना. त्या फटीतून पुढे गेलेलं रक्त परत हृदयात येतं, डावा कप्पा तेच रक्त पुन्हा पुन्हा ढकलतो, मोठा होत जातो आणि शेवटी थकतो. शिवाय हृदयाला रक्त देणाऱ्या कोरोनरी इथूनच फुटतात, त्यांची तोंडं वणाने आवळली तर छातीत कळा. आणि भिंतच फुगली तर ॲन्युरिझम, तो फुटला तर हॉस्पिटलपर्यंत पोचायलाही वेळ मिळत नाही.

आमच्या पॅथॉलॉजीच्या म्युझियममध्ये असा एक ॲओर्टा बरणीत होता, फॉर्मलिनमध्ये, उभा चिरून उघडून काचेला लावलेला. चांगला ॲओर्टा आतून गुळगुळीत असतो, हा सगळा सुरकुतलेला, उभ्या रेघा रेघा, मधेच खड्डे, आणि खाली व्हॉल्व्हच्या पाकळ्यांच्या कडा जाड होऊन आत वळलेल्या. लेबलची शाई उडालेली, वय आणि निदान तेवढं वाचता यायचं. नवीन बॅच आली की सर ती बरणी उचलून खिडकीकडे धरायचे आणि म्हणायचे, नीट बघून ठेवा रे, आता नवीन मिळत नाही.

सरांचं खरं होतं, ते मान्यच करते. आपल्या देशात व्हॉल्व्हचे जे पेशंट आहेत त्यात संधिवाताच्या तापाचेच खूप जास्त, आणि तो ताप मुख्यतः मायट्रल व्हॉल्व्ह, म्हणजे डाव्या बाजूच्या दोन कप्प्यांमधली झडप, धरतो, पेशंट तरुण असतात, बायका जास्त. सिफिलिस मायट्रलच्या वाटेला जात नाही, तो ॲओर्टिकचाच. १९४३ मध्ये अमेरिकेत जॉन महोनी ह्या डॉक्टरने पहिल्या काही पेशंटना पेनिसिलीन देऊन सिफिलिस बरा करून दाखवला आणि त्यानंतर तिसऱ्या अवस्थेपर्यंत, म्हणजे वर्षानुवर्षांनी हृदय धरण्यापर्यंत, पोचणारे पेशंटच कमी होत गेले. दुसरं म्हणजे लोक घशासाठी दातासाठी गळवासाठी उठसूट अँटिबायोटिक घेतात त्यात कित्येकांचा हा जंतू नकळत मेला असणार. तेव्हा एखादे कार्डिओलॉजिस्ट म्हणतील की बाई, आम्ही वर्षात एखादा बघतो, कधी तोही नाही, त्याच्यासाठी लेखात जागा कशाला. तर त्यांना माझं सांगणं असं की एका ओळीची जागा, बस. वर्षात एखादा दिसतो कारण शोधतो तोच दिसतो.

आणि हिशोब करा जरा. १९९० च्या आसपास आपल्याकडे एचआयव्हीची भीती पसरली, मुंबईत कामाठीपुरा, हायवेवरचे ट्रकचे थांबे, सगळीकडे टेस्टिंगची मोहीम. लोक घाबरत घाबरत यायचे, एचआयव्ही निगेटिव्ह आला की सुटलो म्हणून घरी जायचे, त्याच कागदावर खाली व्हीडीआरएल रिॲक्टिव्ह लिहिलंय तिकडे बघायचं भान कुणाला होतं. तेव्हा पंचवीस तीस वर्षांचे असलेले ते लोक आज पंचावन्न साठ पासष्टचे आहेत. म्हणजे धाप लागायचं त्यांचं वय आत्ता सुरू आहे. आणि नवीन पीक पण येतंय, जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२४ च्या अहवालाप्रमाणे २०२२ ह्या एका वर्षात जगात १५ ते ४९ वयाच्या ८० लाख लोकांना नव्याने सिफिलिस झाला. अमेरिकेत त्याच वर्षी दोन लाखांच्या वर केसेस नोंदल्या गेल्या, १९५० नंतरचा सगळ्यात मोठा आकडा. म्हणजे संपलेला आजार वगैरे काही नाही.

उपचार नाही केला तर किती जणांचं हृदय धरतं हे माहीत आहे, कारण दोन ठिकाणी ते बघितलं गेलंय. एक नॉर्वेत ऑस्लोला, १८९१ पासून पुढची वीसेक वर्षं, तिथल्या बोएक नावाच्या प्रोफेसरांचं मत होतं की तेव्हाचा पाऱ्याचा उपचार आजारापेक्षा वाईट आहे म्हणून त्यांनी तो दिलाच नाही, पेशंटना नुसतं हॉस्पिटलमध्ये ठेवून घेतलं जखमा भरेपर्यंत. पुढे त्या पेशंटचा माग काढला तेव्हा शंभरातल्या साधारण दहांना हृदयाचा किंवा ॲओर्टाचा त्रास झालेला निघाला, पुरुषांना बायकांपेक्षा जास्त. बोएक निदान त्यांच्या समजुतीप्रमाणे पेशंटचं भलं बघत होते.

दुसरं ठिकाण अलाबामा. तिथे टस्कीगीला १९३२ मध्ये अमेरिकन सरकारच्याच आरोग्य खात्याने सुमारे ६०० गरीब काळे शेतकरी मजूर निवडले, त्यात ३९९ जणांना सिफिलिस होता, आणि त्यांना सांगितलं काय तर तुमचं रक्त खराब आहे, आम्ही औषध देतोय. औषध दिलं नाही. बघायचं होतं की आपोआप पुढे काय होतं, आणि मेल्यावर शवविच्छेदन करू द्यावं म्हणून मयतीचा खर्च देऊ केला. पेनिसिलीन आलं, १९४७ पर्यंत सगळीकडे तेच औषध म्हणून ठरलं, तरी ह्या लोकांना द्यायचं नाही असं ठरवून टाळलं. चाळीस वर्षं, १९७२ मध्ये पीटर बक्स्टन नावाच्या, पूर्वी त्याच खात्यात नोकरी केलेल्या माणसाने पत्रकारांना सांगितलं आणि पेपरात छापून आलं तेव्हा बंद पडलं. १९९७ मध्ये राष्ट्राध्यक्ष क्लिंटननी माफी मागितली. त्या माणसांच्या ॲओर्टांचे रिपोर्ट वैद्यकीय मासिकांत रीतसर छापून येत होते हो, सगळ्या जगाला दिसत होते, तरी कुणी ते थांबवलं नाही. हे मुद्दाम लिहितेय कारण ते एका पेपरात आलं म्हणून थांबलं.

आता माझ्या टेबलाची गोष्ट. व्हीडीआरएल ही टेस्ट दिसायला अगदी साधी. पेशंटचं सीरम ५६ डिग्रीला अर्धा तास गरम करायचं, काचेच्या जाड स्लाइडवर गोल खळगे असतात त्यात ५० मायक्रोलिटर टाकायचं, त्यावर विशिष्ट सुईने अँटिजनचा एक थेंब, मग रोटेटरवर मिनिटाला १८० फेऱ्या, चार मिनिटं, आणि लगेच मायक्रोस्कोपखाली. कण सुटे सुटे बारीक दिसले की नॉन रिॲक्टिव्ह, गठ्ठे झाले की रिॲक्टिव्ह. चार मिनिटांची पाच झाली तर निकाल बिघडतो, उन्हाळ्यात पंखा चालू ठेवता येत नाही कारण थेंब वाळतो, त्यामुळे एप्रिल-मे मध्ये आम्ही घामाने निथळत ह्या स्लाइड वाचलेल्या आहेत. तो अँटिजन कशाचा असतो माहितीये? बैलाच्या हृदयातून काढलेलं कार्डिओलिपिन नावाचं द्रव्य, त्यात लेसिथिन आणि कोलेस्टेरॉल. म्हणजे ह्या टेस्टला जंतू दिसतच नाही, जंतूमुळे शरीरात जी मोडतोड होते तिच्याविरुद्ध जी अँटिबॉडी तयार होते ती दिसते. म्हणून कधी मलेरियात, कुष्ठरोगात, ल्युपसमध्ये, क्वचित नुसत्या गरोदरपणात पण खोटी रिॲक्टिव्ह येते, आणि बिचाऱ्या बाईच्या घरात नसतं रामायण होतं.

पण माझा मुद्दा उलट बाजूचा आहे. जुन्या आजारात, वीस पंचवीस वर्षं झाल्यावर, ही अँटिबॉडी हळूहळू कमी होत जाते, उपचार न करताही. तिसऱ्या अवस्थेतल्या बऱ्याच पेशंटची व्हीडीआरएल चक्क नॉन रिॲक्टिव्ह येते. म्हणजे ज्याचा ॲओर्टा खराब झालाय त्याचाच रिपोर्ट स्वच्छ. ऑपरेशनच्या आधी जी ठराविक रक्तं काढतात त्यात बऱ्याच ठिकाणी व्हीडीआरएल असते, ती नॉन रिॲक्टिव्ह आली की फाइलवर टिकमार्क पडतो आणि विषय संपतो. अशा वेळी टीपीएचए करायला हवी, ती थेट जंतूविरुद्धची अँटिबॉडी पकडते आणि एकदा पॉझिटिव्ह झाली की बहुतेकांची जन्मभर पॉझिटिव्ह राहते, पूर्वी उपचार झालेला असला तरी. त्यामुळे टीपीएचए पॉझिटिव्ह म्हणजे आजार आत्ता चालूच आहे असंही नाही, पूर्वी इंजेक्शनं घेतली होती का हे विचारावं लागतं, आणि इथेच गाडी अडते कारण विचारायला डॉक्टरला लाज आणि सांगायला पेशंटला.

एक पेशंट विसरू शकत नाही. साठीचे गृहस्थ, पूर्वी ट्रान्सपोर्टच्या धंद्यात, अंगाने दणकट. बीपी १७० वर ४०, वरचा आणि खालचा आकडा इतका लांब गेला की ॲओर्टिक व्हॉल्व्ह लीक असेल म्हणून डॉक्टरांचे कान टवकारतात. मी वॉर्डात रक्त काढायला गेले होते, तिथल्या मॅडम शिकाऊ डॉक्टरांना दाखवत होत्या, ह्यांचा हात वर उचलून धरा आणि मनगट पकडा, नाडी कशी आपटते बघा. खरंच, हात उंच धरला की नाडी जोरात येऊन एकदम नाहीशी व्हायची. मान बारीक हलत होती, दर ठोक्याला, ह्याला डी म्युसे साइन म्हणतात हे तेव्हा मला कळलं. नखाच्या टोकाशी दाबलं की लाल पांढरं लाल पांढरं. एक्सरेत ॲओर्टाच्या चढत्या भागाच्या कडेला कॅल्शियमची बारीक पांढरी रेघ होती आणि ती बघूनच मॅडम म्हणाल्या की सिफिलिसचं बघा. माझ्याकडे व्हीडीआरएल आली, नॉन रिॲक्टिव्ह. मॅडमनी ऐकलं नाही, टीपीएचए चं किट तेव्हा आमच्याकडे नव्हतं, नमुना बाहेर पाठवला, पॉझिटिव्ह.

पुढचं जे झालं त्याचा मला अजून राग आहे. घरच्यांना सांगितलं रक्तात इन्फेक्शन आहे. अमेरिकेतल्या त्या मजुरांना जे सांगितलं त्याहून फार वेगळं नाही, फरक एवढाच की ह्यांना औषध मिळालं. बायको बाहेर बाकावर बसलेली असायची, रिपोर्ट न्यायला खिडकीशी तीच यायची, तिचं रक्त तपासायचं कुणाच्या डोक्यात आलं नाही. एकदा रिपोर्टला उशीर होता म्हणून बोलत बसली, म्हणाली माझी पहिली दोन सातव्या महिन्यात गेली, सासूबाई जन्मभर म्हणाल्या हिची कूसच उष्ण. आता लॅबमधल्या कुणालाही हे ऐकून काय आठवणार ते आठवलं, मी मॅडमना सांगितलं, त्यांनी तिची टेस्ट लावली आणि तिची पण टीपीएचए पॉझिटिव्ह निघाली. तिला पण इंजेक्शनं मिळाली. पण ती खिडकीशी बोलली म्हणून, नाहीतर नाही.

गरोदरपणात ही टेस्ट सगळ्या बायकांची होते, व्हायलाच पाहिजे, पोटातल्या मुलाला जंतू जातो, मूल पोटात दगावतं किंवा आजार घेऊन जन्माला येतं. म्हणजे बाईला निदान एकदा तरी सरकार पकडतं. पुरुषाला कोण पकडतं? रक्तदान केलं तर पाच सक्तीच्या टेस्टमध्ये ही एक असते. गल्फला नोकरीला जायचं असेल तर मेडिकलला होते, रत्नागिरीकडच्या मंडळींना ते चांगलं माहितीये. नाहीतर ऑपरेशनच्या आधी. ज्याने कधी रक्तदान केलं नाही, गल्फला गेला नाही, टेबलावर झोपला नाही, तो पुरुष जन्मभर बिनटेस्टचा राहतो.

आणि जे पहिल्याच वेळी घाबरून मदत शोधतात ते कुठे जातात? इथे मला तुमच्याशीच थोडं भांडायचंय. ज्या अंकात व्हॉल्व्हचा लेख आला त्याच अंकाच्या छोट्या जाहिरातींत गुप्तरोग, स्वप्नदोष, मर्दानी ताकद, खात्रीशीर इलाज, पत्ता आणि मोबाइल नंबर अशी चौकट होती. आपल्या देशात ड्रग्ज अँड मॅजिक रेमेडीज ॲक्ट म्हणून १९५४ चा कायदा आहे, कुठल्या आजारांच्या इलाजाची जाहिरात करायची नाही त्याची यादीच त्यात जोडलेली आहे, त्या यादीत सिफिलिस आणि गनोरिया नावानिशी आहेत. म्हणजे ज्याची जाहिरात छापायला कायद्याने बंदी ती छापून येते, आणि ज्याची माहिती छापायला कसलीच बंदी नाही ती गाळली जाते. जाहिरात विभाग वेगळा असतो, संपादकांचा त्यात हात नसतो, हे मला ठाऊक आहे. वाचकाला मात्र अंक एकच मिळतो.

लाजेपायी भलतं कारण शोधणं हे काही आपलंच वैशिष्ट्य नाही म्हणा. ब्रिटिश सैन्यातल्या सोल्जरांना ॲओर्टाचे ॲन्युरिझम फार व्हायचे, तेव्हा दोष दिला गेला युनिफॉर्मच्या घट्ट कॉलरला आणि छातीवरच्या पट्ट्यांना. १८७६ मध्ये फ्रान्सिस वेल्च नावाच्या सैन्यातल्याच डॉक्टरने शवविच्छेदनं बघून सांगितलं की ह्यातल्या बऱ्याच जणांना सिफिलिस होता. त्यालाही लगेच सगळ्यांनी मान डोलावली असं नाही, जंतूच मुळात १९०५ मध्ये बर्लिनला शाउडिन आणि हॉफमन ह्यांना सापडला.

उपचाराबद्दल. बेंझाथीन पेनिसिलीन, संधिवाताच्या तापाच्या मुलांना दर एकवीस दिवसांनी जे देतात ना, तुमच्या लेखात ज्याचं कौतुक होतं, तेच इंजेक्शन. जुन्या सिफिलिसला २४ लाख युनिट आठवड्यातून एकदा असे तीन आठवडे, दोन्ही कुल्ल्यांत निम्मं निम्मं. घट्ट औषध असतं, सुई बुजते, दुखतं खूप, दोन दिवस बसवत नाही. हृदयाचा त्रास निघाला तर पाठीतलं पाणी पण तपासतात कारण जंतू मेंदूत गेलाय का बघावं लागतं, एचआयव्हीची टेस्ट करतात. पेनिसिलीनची रिॲक्शन येईल म्हणून हल्ली कितीतरी खाजगी डॉक्टर हे इंजेक्शन द्यायलाच तयार नसतात, त्यांची भीती समजते, एखादी रिॲक्शन आली तर लोक दवाखाना फोडतात, पण मग पेशंटला गोळ्या लिहून वाटेला लावण्यापेक्षा जिथे सोय आहे अशा मोठ्या हॉस्पिटलला पाठवावं की. पेनिसिलीनची अॅलर्जी आहे असं खरंच निघालं तर दुसरी औषधं आहेत.

फक्त एक गैरसमज नको, पेनिसिलीनने जंतू मरतो, फाकलेला व्हॉल्व्ह परत जुळत नाही. आजार पुढे वाढायचा थांबतो एवढंच, जे बिघडलं त्याला ऑपरेशन. नुसता व्हॉल्व्ह बदलून भागलं तर ठीक, ॲओर्टा पण फुगलेला असेल तर बेंटॉल म्हणून ऑपरेशन असतं, व्हॉल्व्ह आणि ॲओर्टाचा चढता तुकडा दोन्ही बदलून कोरोनरी परत जोडायच्या, मोठं काम आहे. मेटलचा व्हॉल्व्ह टाकला की रक्त पातळ ठेवायची गोळी जन्मभर आणि रक्त किती पातळ आहे ते बघणाऱ्या आयएनआर टेस्टसाठी लॅबच्या रांगा. महात्मा फुले जन आरोग्य योजनेतून हृदयाची ऑपरेशनं होतात म्हणून निभावतं, तरी घरातलं एक माणूस महिनोनमहिने हॉस्पिटलला बांधलं जातं. आणि हे सगळं पंचविशीत दोन सुया टोचून घेतल्या असत्या तर टळलं असतं, कारण नवीन आजाराला, पहिल्या वर्षाच्या आतल्या, २४ लाखांचा एकच डोस पुरतो.

तर माझी मागणी एवढीच की पुढच्या पुरवणीत कारणांची यादी पूर्ण करा. चाळिशीच्या पुढे ॲओर्टिक व्हॉल्व्ह लीक निघाला, लहानपणी संधिवाताचा ताप आलेला नाही, आणि ॲओर्टाचा चढता भाग रुंद दिसतोय, अशा माणसाने डॉक्टरला स्वतःहून विचारावं की टीपीएचए करू का. व्हीडीआरएल नॉन रिॲक्टिव्ह आहे एवढ्यावर समाधान मानू नये. पॉझिटिव्ह निघाली तर जोडीदाराची पण टेस्ट करावी, लग्नाला कितीही वर्षं झालेली असोत. पत्र लांबलंय ह्याची कल्पना आहे, कापायचं झालं तर बैलाचं हृदय कापा, ब्रिटिश सोल्जर कापा, पण टीपीएचए चा पॅरा आणि हा पॅरा ठेवा.

ज्यांना आत्ता लगेच तपासायचं असेल त्यांच्यासाठी, जिल्हा रुग्णालयांत आणि सरकारी मेडिकल कॉलेजांत सुरक्षा क्लिनिक नावाचा विभाग असतो, बऱ्याचदा त्वचारोग किंवा स्त्रीरोग ओपीडीच्या शेजारी. तपासणी आणि औषध फुकट. नवीन जखम घेऊन गेलात तर पांढऱ्या रंगाचं किट मिळतं, त्यात पेनिसिलीन असतं, ते त्यांच्याच समोर घ्यायचं. केसपेपर काढताना खिडकीवर मोठ्याने आजार सांगायची गरज नाही, नुसतं सुरक्षा क्लिनिक म्हणायचं. पत्ता माहीत नसेल तर १०९७ ह्या टोल फ्री नंबरवर विचारा, नंबर एड्सच्या हेल्पलाइनचा आहे पण ह्याबद्दल विचारलं तरी जवळचं केंद्र सांगतात.

आपली,
एक जुनी वाचक, निवृत्त लॅब टेक्निशियन
सोलापूर